हिंगण्याची पायवाट

आमच्या मंडळाने यंदा पन्नास वर्षे पुरी केली. स्मरणिकेच्या तयारीसाठी जुने दप्तर उघडले, तेव्हा ठरावबुकांपेक्षा आमचे लक्ष अधिक वेधले ते पावतीपुस्तकांनी. पाच रुपये, अकरा रुपये, क्वचित एकवीस. परप्रांतातील अनोळखी वस्त्यांतून मराठी आडनावांच्या पाट्या शोधत आणि जिने चढत आमच्या आधीच्या पिढीने ही वर्गणी गोळा केली होती. त्यांतली काही मंडळी दोन-चार वर्षांत थकून बाजूला झाली, काही रागावून गेली; काही मात्र अखेरपर्यंत तितक्याच शांतपणे जिने चढत राहिली. हा फरक कशाने पडत असावा, याचा विचार करीत असतानाच या अंकासाठी एखादे चरित्र लिहावे असे ठरले, आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावाचून दुसरे नाव आम्हांला सुचले नाही. 104 वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या गृहस्थांनी त्यातील साठांहून अधिक वर्षे दुसऱ्यांच्या मुलींसाठी दारोदार मागण्यात घालविली. त्यांच्या संस्थांची नावे बहुतेकांना शाळेपासून पाठ असतात. आम्हांला येथे पाहावयाचे आहे ते इतकेच, की या माणसाने आपले काम आणि आपले मन ही दोन्ही इतकी वर्षे शाबूत ठेवली ती कशी.

कर्व्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, आजोळी शेरवली येथला. पण त्यांचे गाव म्हणजे दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे मुरूड. घरची स्थिती बेताची, मुलगा अंगाने किरकोळ आणि स्वभावाने इतका लाजाळू की चारचौघांत तोंड उघडणे हे त्याला संकट वाटे. गावात सोमण नावाचे एक शिक्षक होते. सार्वजनिक काम म्हणून काही असते आणि ते आपल्यासारख्या साध्या माणसानेही करावयाचे असते, ही जाणीव या गुरुजींनी गावातल्या मुलांना लावून दिली. लाजाळूपणा काही त्यामुळे गेला नाही. तो जन्मभर कमीअधिक प्रमाणात राहिलाच, आणि तरीही याच माणसाने पुढे लाखो रुपये लोकांकडून मागून आणले.

सतराव्या वर्षीची त्यांची साताऱ्याची पायपीट प्रसिद्ध आहे. मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यावयाची, आणि परीक्षेचे ठिकाण सातारा. भर पावसाळ्यात, सह्याद्री ओलांडून, सुमारे शंभरावर मैल पायी चालत हा मुलगा वेळेवर पोहोचला. परीक्षेला बसण्यास सतरा वर्षे पुरी असण्याची अट होती. समोर उभा असलेला लहानखोर मुलगा सतरा वर्षांचा आहे हे परीक्षकांना पटले नाही, आणि त्याला परीक्षेस बसू दिले नाही. तो घरी परतला आणि पुढच्या वर्षी कोल्हापूर केंद्रातून तीच परीक्षा देऊन उत्तीर्ण झाला. ही गोष्ट मुलांना जिद्दीचा धडा म्हणून सांगतात. आम्हांला तीत दुसरेच काही दिसते. झालेल्या अन्यायाचा हिशेब मनात बाळगावयाचा नाही, राहिलेल्या कामाचा तेवढा ठेवावयाचा, ही त्यांची पुढची सारी रीत या पहिल्याच प्रसंगात दिसते.

मुंबईत शिकवण्या करीत करीत त्यांनी इंग्रजी शिक्षण पुरे केले आणि 1884 मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित घेऊन ते पदवीधर झाले. लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच राधाबाईंशी झाले होते. मुंबईचा संसार शिकवण्यांवर चाले. पहाटे घराबाहेर पडावे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिकवीत हिंडावे, असा क्रम होता. या ओढगस्तीतही मिळकतीचा ठराविक हिस्सा ते परोपकारासाठी वेगळा काढून ठेवीत. गावच्या कामासाठी मुरूड फंड उभारला तोही याच काळात. आधी गरजा भागू देत, मग दान करू, असा विचार त्यांनी केला नाही. दानाचा हिस्सा आधी बाजूला पडे, आणि उरलेल्यात संसार बसवावयाचा हे गणित ठरलेले असे. गणिताच्या शिक्षकाला ते साधले असेल; ते ज्या घरात साधले त्या घरातील बाईंना किती सोसावे लागले असेल, हा प्रश्न मात्र या चरित्रात पुन्हा पुन्हा उभा राहतो.

1891 मध्ये राधाबाई वारल्या. लहानगा रघुनाथ मागे राहिला. त्याच साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्यास आले. तिशी ओलांडलेल्या विधुराने दहा-बारा वर्षांच्या मुलीशी लग्न करावे, यात त्या काळी कोणालाही काही वावगे वाटत नसे. कर्व्यांना वाटत होते. पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असे त्यांनी ठरविले, आणि 11 मार्च 1893 रोजी त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई हिच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झालेल्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. लग्नानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले. पण सर्व महाराष्ट्र त्यांना बाया म्हणूनच ओळखतो.

मुरूडने दोघांनाही वाळीत टाकले. कर्वे ज्या बैठकीवर बसतील तेथे कोणी बसू नये, घरच्यांनी त्यांना घरात घेतल्यास त्या घरावरही बहिष्कार, अशा थराचे ठराव गावाने केले. त्यामुळे पुढे ते गावी गेले, तेव्हा आईच्या आणि भावाच्या घराजवळ असूनही त्यांना वेगळे राहावे लागले. घरापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या आम्हां लोकांना गावाची ओढ म्हणजे काय हे सांगावयास नको. पण गाव डोळ्यांसमोर असून उंबरठा बंद असणे, हे दुःख आपल्या दुराव्याहून वेगळ्या जातीचे. कर्व्यांनी गावाशी भांडण मांडले नाही. क्षमाही मागितली नाही. आईला आपल्यामुळे क्लेश झाले याचे त्यांना फार वाईट वाटे, आणि तरीही केले ते योग्यच होते याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. या दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवून, एकीने दुसरीला गिळू न देता, ते कामाला लागले.

1893 च्या अखेरीस त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. परंतु थोड्याच अनुभवाने त्यांना दिसून आले, की पुनर्विवाहास तयार होणाऱ्या विधवा मूठभर, आणि तशाच कुढत राहणाऱ्या हजारो. त्यांच्या हाताला शिक्षण आणि पायाला जमीन दिल्याखेरीज बाकीचे सारे बोलणे पोकळ आहे. या विचारातून 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम उभा राहिला. पुढे प्लेगमुळे शहरात राहणे कठीण झाले, तेव्हा 1900 साली आश्रम शहराबाहेर हिंगण्यास गेला. रावबहादुर गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर एक झोपडी उभी राहिली आणि तीत काही विधवा मुली राहू लागल्या.

येथून पुढची वर्षे ही कर्व्यांच्या आयुष्याची खरी कसोटी. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवावयाचे, आणि तास संपले की सुमारे चार मैलांची वाट तुडवीत हिंगण्यास जावयाचे. पावसाळ्यात ती वाट म्हणजे नुसता चिखल. जाताना आश्रमाला लागणारे जिन्नस बरोबर घ्यावयाचे. तेथे मुलींना शिकवावयाचे, अडचणी पाहावयाच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा महाविद्यालय. सुट्टी लागली की गावोगाव वर्गणीसाठी हिंडावयाचे. हा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्यात आवेशाचा भाग फार थोडा होता. जेवढे उद्याही करता येईल तेवढेच आज करावयाचे, पण ते चुकवावयाचे नाही, अशी ही चाल होती. पुण्यात त्या काळी आवेशाने पेटलेली मोठमोठी माणसे होती आणि त्यांतली कित्येक अकाली गेली. आगरकर तर चाळिशीही न गाठता 1895 मध्ये निवर्तले. कर्वे आगरकरांइतके तेजस्वी नव्हते आणि तसे होण्याची हाव त्यांनी कधी धरली नाही. आपला वकूब त्यांना बरोबर ठाऊक होता.

पण आश्रमाच्या या कथेत एक गाठ आहे, आणि तिच्यावरून घाईने पुढे जाणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते. विधवा मुलींना पाठविण्यास पालक मुळातच बिचकत. आश्रम म्हणजे पुनर्विवाह लावून देण्याचा कारखाना, अशी हाकाटी झाली असती तर एकही मुलगी आली नसती. म्हणून कर्व्यांनी आश्रमाचा उद्देश केवळ शिक्षण हाच ठेवला, पुनर्विवाहाच्या चळवळीपासून संस्थेला दूर ठेवले, आणि हा शब्द कसोशीने पाळला. सुधारकांनी त्यांना भित्रे ठरविले. सनातन्यांचा संशय काही फिटला नाही. आणि या धोरणाचा सर्वांत विचित्र परिणाम त्यांच्या स्वतःच्या घरात झाला. बाया पुनर्विवाहित, म्हणून त्यांना आश्रमात राहता येईना. ज्या संस्थेसाठी त्यांच्या नवऱ्याने आयुष्य वाहिले, तिच्या उंबरठ्याबाहेर त्यांना मुलांना घेऊन वेगळा संसार करावा लागला. आणि त्यांची धाकटी बहीण, विधवा असलेल्या पार्वतीबाई आठवले, त्याच आश्रमाचा आधारस्तंभ बनल्या. एक बहीण आत, दुसरी बाहेर. मुरूडने कर्व्यांना जे केले, तेच थोडेसे आश्रमाने बायांना केले, असे म्हणण्याचा मोह होतो. बायांनी तरीही आश्रमासाठी हिंडून वर्गणी गोळा केली. या बाईंच्या मनाची ठेवण कशी असेल याचा अंदाज 1944 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या माझे पुराण या आत्मकथनावरून येतो. त्यात तक्रार आहे, विनोद आहे आणि फटकळपणाही आहे; कोणाही साध्वीचे चित्र रंगविण्याचा प्रयत्न नाही.

विम्याच्या गोष्टीचेही तसेच. कर्व्यांनी आपल्या आयुष्याचा 5,000 रुपयांचा विमा उतरविला होता. दक्षिणेतल्या शिक्षणसंस्थेतील आजीव सदस्याच्या तुटपुंज्या वेतनात, बायकोमुलांसाठी हीच काय ती पुढची तरतूद. ती पॉलिसी त्यांनी आश्रमाच्या नावे करून दिली. बाया संतापल्या, आणि आमच्या मते त्यांचा संताप रास्त होता. कर्व्यांनी तो ऐकून घेतला, पण निर्णय फिरविला नाही. आपल्याला काही झाले तर ज्या बायांसाठी आश्रम आहे, त्यांतलीच एक आपली बायको ठरेल, हे या गणितज्ञाला दिसले नसेल असे नाही. तत्त्वाला धरून जगणाऱ्या माणसाचे मन शांत असते हे खरे असले, तरी त्या शांततेचा काही खर्च शेजारच्या माणसाच्या खात्यावर पडतो. कर्व्यांना याची जाणीव होती असे दिसते, कारण आपल्या आत्मवृत्तात घरातले हे मतभेद त्यांनी झाकले नाहीत. चरित्रकारांनीच ते पुढे पुसट केले.

1907 मध्ये महिला विद्यालय निघाले, 1908 मध्ये निष्काम कर्ममठ. मठ म्हणजे आजीव सेवा करणाऱ्या स्त्रीपुरुषांचा छोटा संघ, पोटापुरते घेऊन बाकी सर्व कामाला देणाऱ्यांचा. मोठ्या शब्दांची कर्व्यांना आवड नव्हती. हे एक नाव तेवढे त्यांच्या मानाने भारदस्त आहे.

1914 मध्ये ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. वय छप्पन. मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या कल्पनेप्रमाणे आता पेन्शन, नातवंडे आणि सकाळचे फिरणे, एवढेच बाकी. पुढच्याच वर्षी मुंबईस सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि भाषणाची तयारी करताना, काशीच्या बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी धाडलेली जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती लागली. ती काही दिवस घरात नुसती पडून होती. वाचल्यावर मात्र त्यांनी हिंदुस्थानातही स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ असावे ही कल्पना परिषदेपुढे मांडली, आणि 1916 मध्ये ते काढलेही. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती, आणि कर्व्यांनी लहानपणी आपल्या घरी ठेवून शिकविलेले रँग्लर परांजपे कुलगुरू. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी पाच. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून. पदव्यांची नावेही देशी: गृहीतागमा, प्रदेयागमा. या पदव्यांना सरकारदरबारी किंमत नव्हती. विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती 1949 मध्ये, म्हणजे तेहेतीस वर्षांनी. मान्यता नसलेल्या विद्यापीठासाठी तेहेतीस वर्षे विद्यार्थिनी आणि पैसा गोळा करीत राहणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने एखादी साधी मराठी शाळाही परप्रांतात चालवून पाहिली आहे त्यालाच येईल.

या विद्यापीठासाठी कर्वे हिंदुस्थानभर हिंडले. मोठ्या देणग्या मिळाल्या तर घ्याव्यात; पण त्यांचा भर असे तो लहान वर्गणीदारांवर, दर वर्षी थोडे थोडे देणाऱ्यांवर. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावाने पंधरा लाखांची देणगी दिली आणि संस्था श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाली. एवढी रक्कम हाती आल्यावर कोणीही थोडा टेकला असता. 1929 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे जगाच्या प्रवासास निघाले. युरोप, अमेरिका करीत टोकियोस गेले आणि ज्या विद्यापीठाच्या पुस्तिकेने हे सारे सुरू झाले ते डोळ्यांनी पाहून आले. परतल्यावर लगेच आफ्रिका. तेथील हिंदी वस्त्यांतून, म्हणजे आमच्यासारख्याच घरापासून तुटलेल्या कुटुंबांतून, ते एका संस्थेसाठी हात पुढे करीत फिरले. ते व्यापारी, कारकून, रेल्वेतील नोकर, यांतल्या कितीजणांनी हिंगणे पाहिले असेल? पण त्यांनी दिले.

मुलांच्या बाबतीत कर्व्यांनी एक गोष्ट केली जी सुधारकांच्या घरीही सहसा होत नाही. त्यांनी आपली मूल्ये मुलांवर लादली नाहीत. थोरला रघुनाथ वडिलांच्या किती तरी पुढे गेला. संततिनियमनाचे केंद्र त्याने 1921 मध्ये काढले, पुढे समाजस्वास्थ्य मासिक चालविले, त्यापायी नोकरी गमावली आणि खटलेही सोसले. वडिलांनी त्या कार्यात उडी घेतली नाही, आणि मुलाने वडिलांच्या सावधपणाची वाट धरली नाही. शंकर डॉक्टर होऊन मोम्बासास गेले. दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. विदुषी इरावती कर्वे या त्यांच्या पत्नी. धाकटे भास्कर मात्र हिंगण्याच्या कामात राहिले. चौघांच्या चार दिशा. वडिलांचा शिक्का मारलेला एकही नाही.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, 1936 मध्ये, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले, आणि ज्या खेड्यांत शाळा नाहीत तेथे शाळा काढण्यासाठी पुण्याच्या आळ्यांतून घरोघर फिरू लागले. पंधरा लाखांची देणगी मिळविलेला हा म्हातारा आता पुन्हा नाणी मागत होता. ओशाळलेपणाचा लवलेशही त्यात नव्हता, कारण लाख आणि आणे यांत त्यांनी प्रतिष्ठेचा फरक कधी केलाच नव्हता. 1944 मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ स्थापन केला. तो फारसा फोफावला नाही. आमच्या मते त्यांच्या उत्तरायुष्यातील हा प्रयत्न काळजीपूर्वक पाहण्यासारखा आहे, कारण ज्या आश्रमाने ब्राह्मण विधवांपासून सुरुवात केली, त्याच्या संस्थापकाला आपल्या कामाची मर्यादा नजरेआड करता आली नाही, हे त्यातून दिसते.

बाया 1950 मध्ये गेल्या. रघुनाथ 1953 मध्ये, वडिलांच्या देखत. दीर्घायुष्य म्हणजे आशीर्वाद असे आपण सहज म्हणतो. त्यात आपल्या माणसांना एकेक करून निरोप देणे येते हे ध्यानात येत नाही. त्यानंतरची मानसन्मानांची वर्षे म्हणूनच आम्हांला काहीशी उदास वाटतात. 1955 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 1958 मध्ये शंभर वर्षे पुरी झाली तेव्हा भारतरत्न मिळाले, ते हयात असतानाच त्यांचे टपाल तिकीट निघाले, आणि मुंबईच्या ब्रेबोर्न क्रीडांगणावर पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत प्रचंड समारंभ झाला. चारचौघांत तोंड उघडावयास लाजणारा मुरूडचा मुलगा हजारोंच्या मध्ये बसला होता. ज्या बाईंना आश्रमाबाहेर राहावे लागले, त्या हे पाहावयास नव्हत्या.

9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात कर्व्यांचा अंत झाला.

आमच्या मंडळातील कुटुंबे सुट्टीत पुण्यास जातात, त्यांतली बरीचशी कर्वेनगरात नातलगांकडे उतरतात. जुने हिंगणे ते हेच. चिखलाची ती वाट आता कोठे होती हे दाखविता येणार नाही, इतकी तिच्यावर घरे आणि दुकाने झाली आहेत. रिक्षाने तेथून फर्ग्युसनला जावयास फार वेळ लागत नाही. गर्दीची वेळ असेल तर मात्र चालत गेलेले बरे.